कलाशिक्षकांचा गौरव करायचा, तर आधी त्यांचे काम पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेचे चित्रकलेचे सर गेल्या मे महिन्याच्या अखेरीस नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले. निरोप समारंभाला माजी विद्यार्थी म्हणून मी हजर होतो. शाल, श्रीफळ, मानपत्र सगळे यथासांग झाले आणि व्यासपीठावरील प्रत्येकाने सरांचे मनापासून कौतुक केले. ते कौतुक स्नेहसंमेलनाच्या रंगमंचामागील पडद्यांचे होते, प्रमाणपत्रांवर घातलेल्या सुवाच्य नावांचे होते, दहावीच्या परीक्षेआधी बाकांवर टाकलेल्या बैठक क्रमांकांचे, पाहुण्यांच्या स्वागताच्या रांगोळीचे आणि प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथांचे होते. एकतीस वर्षे त्यांच्या वर्गात काय घडत होते, याविषयी मात्र कोणी एक वाक्यही बोलले नाही. यात कोणाचा आकस होता असे मला मुळीच वाटत नाही. बोलणाऱ्यांपैकी कोणी तो वर्ग कधी पाहिलाच नव्हता, म्हणून त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते. ही गोष्ट मनाला लागून राहिली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी सहावीत असतानाचा एक तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. सरांनी स्टुलावर पांढरा कागद अंथरून त्यावर एक सोललेला नारळ ठेवला होता. आम्ही सगळ्यांनी घाईघाईने गोल काढून त्याला तपकिरी रंग फासला आणि कागद पुढे केले. सरांनी एकाही कागदावर लाल खूण केली नाही. ते म्हणाले, ‘डोळे किलकिले करा आणि मला सांगा, नारळ कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते?’ डोळे किलकिले केले की शेंडीचे तंतू, सालीवरच्या रेषा, डाग हे सारे नाहीसे होते आणि उजेडाचे व काळोखाचे दोन-तीन मोठे तुकडे तेवढे उरतात, हे आम्हाला त्या दिवशी समजले. त्याहून मोठे नवल पुढेच होते. नारळाच्या अगदी खालच्या बाजूला, जिथे सर्वांत दाट काळोख असेल असे आम्ही गृहीत धरले होते, तिथे खालच्या कागदावरून परत आलेला एक फिकट उजेड होता. तो आमच्यापैकी एकानेही रंगवला नव्हता, कारण तो एकालाही दिसला नव्हता. त्या दुपारी घरी गेल्यावर मी परसातला हंडा, कळशी आणि चुलीजवळचे मडके यांच्या पोटाखाली तो उजेड शोधत बसलो होतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी सापडला. पुढे मी चित्रकार झालो नाही. भूकरमापक म्हणून गावोगावच्या जमिनी मोजण्याची नोकरी करतो. पण बांधावर उभे राहून जे आहे तेच कागदावर उतरवायचे, असेल असे वाटते ते उतरवायचे नाही, ही सवय मला मोजणीच्या प्रशिक्षणात लागली नाही. ती त्या नारळाने लावली.

अशा कामाची अडचण ही की ते मागे काही ठेवत नाही. सर सकाळी सात वाजता शाळेत येऊन दर्शनी फळ्यावर चित्र काढत. खडू आडवा धरून रंगाचा थर द्यायचा, बोटाने तो पसरवायचा आणि मग पाण्यात भिजवलेल्या खडूने त्यावर ठसठशीत उजळ रेषा ओढायच्या, ही त्यांची पद्धत होती. ३ जानेवारीला त्या फळ्यावर सावित्रीबाई असत, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असे, पावसाच्या पहिल्या आठवड्यात भातलावणी असे. पुढचा प्रसंग आला की मागचे चित्र ओल्या फडक्याने पुसले जाई. गणिताच्या शिक्षकाचे काम निकालपत्रकात शिल्लक राहते, क्रीडाशिक्षकाचे काम कार्यालयातल्या कपाटात चषकांच्या रूपाने दिसते. चित्रकलेच्या शिक्षकाचे काम मुलांच्या वह्यांत असते, आणि त्या वह्या बहुतेक घरांत वार्षिक परीक्षेनंतर रद्दीत जातात.

महाराष्ट्रात शालेय कलाशिक्षणाची परंपरा लहान नाही. मुंबईत सर ज. जी. कला शाळा १८५७ मध्ये सुरू झाली आणि चित्रकलेचे शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम तिथे १८९३ मध्येच सुरू झाला, म्हणजे चित्र शिकवणे ही स्वतंत्र विद्या आहे ही जाणीव आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १९६५ मध्ये स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा तर अनेक पिढ्यांच्या आठवणीत आहेत. पहाटेच्या एसटीने तालुक्याच्या केंद्रावर जाणे, पॅड, रंगपेटी आणि पाण्याचा डबा सांभाळणे, दोन दिवसांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन उरकणे, आणि या सगळ्यात मुलांच्या डब्यापासून पेन्सिलीच्या टोकापर्यंत सगळे पाहणारे सर किंवा बाई. ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) आणि ए.एम. (आर्ट मास्टर) या कलाशिक्षकाच्या पदविका घेऊन खेड्यापाड्यांत गेलेल्या हजारो शिक्षकांनी ही व्यवस्था उचलून धरली. त्या शिक्षकांच्या कारकिर्दींची सलग नोंद मात्र सामान्य वाचकाला कुठे वाचायला मिळत नाही.

गौरवाचा विषय निघाला की सर्वांत सोपे माप हाती येते ते याच परीक्षांच्या निकालाचे, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. या सवलतीमुळे परीक्षेला बसणारी मुले वाढली असतील तर ते चांगलेच आहे, आणि ती काढून घ्यावी असे माझे म्हणणे नाही. परंतु त्यातून एक खोड शिरली आहे. स्मरणचित्रासाठी बाजार, विसर्जन मिरवणूक, बागेत खेळणारी मुले अशी तीन-चार ठरीव चित्रे महिनाभर गिरवून घ्यायची आणि परीक्षेत कोणताही विषय आला तरी त्यातलेच एक जुळवून काढायला लावायचे, असा प्रकार अनेक पालकांनी पाहिला असेल. त्यातून अ श्रेणी मिळू शकते, स्मरण मात्र उरत नाही. आमचे सर हे कधीच करीत नसत. ते आम्हाला आठवडी बाजारात नेऊन अर्धा तास नुसते उभे करायचे, वही दप्तरातच ठेवायला लावायचे, आणि शाळेत परत आल्यावर मासळीवालीच्या मागे काय होते, तागडी कोणत्या हातात होती, असे विचारायचे. त्यांच्या मुलांना अ श्रेणी मोजक्याच मिळत. केवळ निकालाच्या टक्केवारीवर पुरस्कार ठरवला असता, तर ते पहिल्याच चाळणीत गळाले असते.

राज्य शासन दरवर्षी शिक्षकांना पुरस्कार देते. आता त्या पुरस्काराला क्रांतिज्योती सावित्रीमाईंचे नाव आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यात कला आणि क्रीडा या दोन्ही विषयांच्या शिक्षकांसाठी मिळून विशेष शिक्षक असा एकच प्रवर्ग आहे आणि त्यातील पुरस्कारांची संख्या अगदी थोडी आहे. मैदानावरचे काम आणि चित्रकलेच्या वर्गातले काम यांची तुलना करून एकाला निवडणे कोणत्याही समितीला न्यायाने जमणार नाही, म्हणून कलेसाठी स्वतंत्र प्रवर्ग करावा, ही माझी पहिली विनंती आहे. दुसरी विनंती अधिक महत्त्वाची वाटते. शिक्षकाने स्वतःच्या कामाची फाईल सजवून, प्रमाणपत्रांच्या छायाप्रती आणि वृत्तपत्रांतील कात्रणे जोडून स्वतःच प्रस्ताव सादर करायचा, ही रीत कलाशिक्षकाला तर विशेषच जाचक आहे. जो मन लावून शिकवतो त्याच्याजवळ कात्रणे नसतात. त्याऐवजी निवड समितीत एक-दोन अनुभवी कलाध्यापक घ्यावेत, त्यांनी शाळेत जाऊन एक पूर्ण तास वर्गात मागच्या बाकावर बसावे, एकाच मुलाची पाचवीपासून आठवीपर्यंतची चित्रे ओळीने मांडून पाहावीत आणि गावातल्या दहा माजी विद्यार्थ्यांशी बोलावे. चाळीस मुलांची चाळीस चित्रे एकमेकांपासून वेगळी दिसत असतील, तर त्या वर्गाला चांगला शिक्षक लाभला आहे, हे कोणताही जाणकार पाच मिनिटांत सांगू शकेल. चाळीसही कागदांवर दोन डोंगरांमधून उगवणारा तोच सूर्य असेल, तर फाईल कितीही जाड असो, तिचा उपयोग नाही.

मुलांची चित्रे जपली की शिक्षकाचे काम कसे टिकते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतच आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीच्या शाळेत त्यांनी जवळपास दोन दशके मुलांना कला शिकवली. सूतकताई, सफाई, शेती यांच्या बरोबरीने तिथे चित्रही होते. त्यांनी मुलांची चित्रे सांभाळून ठेवली, ती कशी बदलत गेली याचा विचार केला आणि त्यावर हिंदीत ग्रंथ लिहिला. सेवाग्रामच्या त्या वर्गात काय चालत असे हे आज आपल्याला कळते ते यामुळे. आमच्या सिंधुदुर्गातून घाट चढून गेले की बेळगाव लागते. तिथे के. बी. कुलकर्णी यांनी चित्रकला शिक्षक म्हणून काम केले आणि ‘चित्रमंदिर’ चालवले. रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार त्यांच्या हाताखाली घडला आणि गुरूचे ऋण आदराने सांगत राहिला. म्हणून कुलकर्णी सरांचे नाव निदान जाणकारांच्या ओठांवर आहे. ज्यांच्या वर्गातून नामवंत चित्रकार निघाला नाही, पण शेकडो मुलांना डोळसपणे पाहता येऊ लागले, अशा शिक्षकांचे नाव कोण घेणार, हा माझा प्रश्न आहे.

या बाबतीत कला संचालनालयाला फार मोठा खर्च न करता बरेच करता येईल. दरवर्षी भरणाऱ्या राज्य कला प्रदर्शनात कलावंतांचे आणि कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचे विभाग असतात, ज्येष्ठ कलावंतांचा सन्मानही होतो. त्याच प्रदर्शनात एक दालन दरवर्षी एका जिल्ह्यातील एका शालेय कलाशिक्षकाला द्यावे. त्यात शिक्षकाची स्वतःची चित्रे असावीत, कारण नोकरीच्या धबडग्यात त्यांपैकी अनेकांचे स्वतःचे चित्र मागे पडते, आणि त्यांच्या शेजारी त्या शिक्षकाच्या विद्यार्थ्यांची चित्रे असावीत. निवृत्तीला पाच वर्षे उरलेली असतानाच हे घडावे. निवृत्तीनंतरच्या शालीपेक्षा सेवेत असताना मिळालेल्या मानाने शिक्षकाच्या हातात बळ येते आणि मुख्याध्यापकांनाही त्याची चित्रकलेची तासिका दुसऱ्या विषयाला देताना विचार करावा लागतो. प्रत्येक जिल्ह्यातील अशा शिक्षकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, तर पुढच्या ए.टी.डी.च्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकात न सापडणारे बरेच काही मिळेल. आमचे सर मुलांना पिंगुळीला नेऊन ठाकर कलावंतांच्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या लोककलेच्या, पोथ्या दाखवत, जुन्या देवळाच्या भिंतीवरचे कावीकाम, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगातले नक्षीकाम, बोटाने हवेतल्या हवेत गिरवायला लावत आणि मग कावेची माती कालवून तोच तांबडा रंग शाळेत करून घेत. महागड्या रंगपेटीवाचून रंग कसा करायचा याचे हे ज्ञान त्यांच्याबरोबर घरी गेले आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. सरांची जागा अद्याप रिकामी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी किमान अंशकालीन निदेशक असणे अपेक्षित आहे, आणि राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडेही कलेला ऐच्छिक छंद मानत नाहीत. जो गेला त्याचा सत्कार करायचा आणि त्याच्या खुर्चीवर कोणी बसवायचेच नाही, हे पाहून वाईट वाटते. सध्या आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मुले गृहपाठ पूर्ण करतात.

आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी आमच्यापुरते एक काम हाती घेतले आहे. घरोघरी माळ्यावर, ट्रंकांत, जुन्या फायलींत राहिलेल्या सरांच्या वर्गातल्या चित्रांचा शोध सुरू केला. आतापर्यंत त्रेसष्ट कागद मिळाले आहेत. काहींना वाळवी लागली आहे, दोन चित्रे तर लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आहेत, आणि नारळाची सात आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ती गावच्या ग्रंथालयात मांडणार आहोत. सरांना विचारायला गेलो तेव्हा त्यांनी सगळे कागद खिडकीजवळ नेऊन एकेक करून पाहिले आणि परवानगी दिली. त्यांची अट एवढीच आहे की प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्या मुलाचे नाव आणि इयत्ता लिहावी. अकरा कागदांवर नाव नव्हते. त्यांतली नऊ नावे त्यांनी चित्र पाहूनच सांगितली.

आपला,
एक माजी विद्यार्थी
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग