भूमीच्या मर्माला इजा न होवो

सातारा,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

प्रिय दत्तात्रय यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. वडिलांच्या पश्चात पलूसकडची जमीन तू स्वतः कसायला घेतलीस हे वाचून समाधान वाटले, आणि शेवटी विचारलेल्या प्रश्नाने तर फारच आनंद झाला. आपल्या जुन्या ग्रंथांत नांगर, बीज, पाऊस येतात ते केवळ दृष्टान्तापुरते, की शेतीच्या कामालाच तिथे साधनेचे मोल आहे, असे तू विचारतोस. माझ्या मते तिथे आधी काम आहे, कामातले पथ्य आहे. दृष्टान्त मागाहून आला.

ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातले ५७ वे सूक्त काढून बघ. वामदेव ऋषींच्या या आठ ऋचा क्षेत्रपतीला, म्हणजे शेताच्या देवतेला उद्देशून आहेत. बैल सुखाने चालोत, माणसे सुखाने राबोत, नांगर सुखाने चालो, वाद्या नीट आवळल्या जावोत, बैल हाकायची पराणीसुद्धा सुखाने उगारली जावो, असे तिथले मागणे आहे. आणि पुढे सीतेला, म्हणजे नांगराच्या तासाला, वंदन करून तिने आमच्याकडे वळावे आणि फळ द्यावे अशी विनवणी आहे. पिकाबरोबर बैलाचेही सुख मागणारी ही प्रार्थना मला फार मोलाची वाटते. पराशरस्मृती तर भुकेल्या, तहानलेल्या, थकलेल्या बैलाला जुंपू नये असा नियमच घालून देते. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते, जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळले जाते, तेव्हा आपली म्हातारी माणसे कोणताही ग्रंथ न वाचता हेच पथ्य पाळत असतात.

अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातले भूमिसूक्त ६३ मंत्रांचे आहे. 'माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः' हे त्यातले वचन सर्वांच्या तोंडी असते. माझे मन मात्र ३५ व्या मंत्रापाशी थांबते. 'यत्ते भूमे विखनामि क्षिप्रं तदपि रोहतु। मा ते मर्म विमृग्वरि मा ते हृदयमर्पिपम्॥' हे भूमी, मी तुझे जे काही खणीन ते लवकर पुन्हा उगवून येवो, आणि माझ्या हातून तुझ्या मर्माला, तुझ्या हृदयाला इजा न होवो. खणणे तर टळत नाही, कारण खणल्यावाचून अन्न नाही. पण खणणाऱ्याने आपण कुणाच्या तरी अंगावर घाव घालतो आहोत हे जाणून हात आवरावा, एवढी मोठी जाणीव त्या एका मंत्रात आहे. कृष्णाकाठाला हा मंत्र आज जितका लागू आहे तितका क्वचितच कुठे असेल. वाळवा, मिरज आणि तुझ्या पलूस भागात उसाला पाटाने वर्षानुवर्षे वारेमाप पाणी सोडले गेले, काळ्या जमिनीला निचरा मिळाला नाही, खालचे क्षार पाण्याबरोबर वर आले आणि कितीतरी राने क्षारपड झाली. उन्हाळ्यात अशा रानाच्या वरंब्यावर जी पांढरी पापडी धरते ती बोटाने खरवडून पाहा. मर्माला इजा म्हणजे काय, हे ती पापडी सांगते.

दृष्टान्ताचेही मोल कमी नाही, आणि त्यातला मला सर्वांत आवडणारा पाली भाषेतला आहे. सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथात कसिभारद्वाज सुत्त आहे. मगधातल्या एकनाळा गावी पेरणीचे दिवस होते, कसिभारद्वाज ब्राह्मणाचे सुमारे ५०० नांगर जुंपले होते, आणि तिथे भिक्षेला उभ्या राहिलेल्या बुद्धांना तो म्हणाला, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही तसेच करा. बुद्धांनी उत्तर दिले की मीही नांगरतो आणि पेरतो. श्रद्धा हे माझे बीज, तप हा पाऊस, प्रज्ञा हे जू आणि नांगर, लाज हा हळस, म्हणजे नांगराचा लांब दांडा, मन हे बैलाला जुवाशी बांधणारे जोते, स्मृती हाच फाळ आणि पराणी. लाजेला हळसाची जागा किती नेमकी दिली आहे, याचा तू विचार कर. हळस नसेल तर नांगर जुवाला जोडलाच जात नाही, आणि बैल कितीही बळकट असले तरी तास पडत नाही. ज्याने औत जवळून पाहिले आहे त्यालाच हे सुचते.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, देहरूपी शेत कुणाचे याविषयीचे एक मत मांडताना, माउलींनी असाच सगळा शेतीचा संसार उभा केला आहे. जीवाचे शेत, प्राण हे त्याचे कूळ, मन हा राबवून घेणारा कुळवाडी, इंद्रिये हे अहोरात्र जुंपलेले बैल. विधीचा वाफसा, म्हणजे पेरणीला योग्य अशी जमिनीची ओल, चुकवून अन्यायाचे बी पेरले तर पापाचे पीक येते, आणि वाफशावर सत्कर्माचे बी पडले तर शंभर जन्म सुखाची मापे मोजावीत. बी चांगले असावे हे कुणीही सांगेल. वेळ साधावी लागते हे शेतकऱ्यांत वावरलेल्यालाच ठाऊक. पाऊस उघडल्यावर रानातली मूठभर माती दाबून तिचा गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडतात. तो फुटला तर पेरणीची कुरी जुंपायची, न फुटला तर शेजाऱ्याची पेरणी सुरू झाली तरी थांबायचे. ते थांबणे मला जपापेक्षा कमी वाटत नाही.

छांदोग्य उपनिषदातली वडाच्या फळाची गोष्ट तुला ठाऊकच आहे. श्वेतकेतू इवले बी फोडतो, आत काहीच दिसत नाही म्हणतो, आणि त्याचे वडील उद्दालक सांगतात की न दिसणाऱ्या त्या सूक्ष्मातूनच हा एवढा वृक्ष उभा आहे, बाळ, श्रद्धा ठेव. पेरताना चाड्यावर बियाण्याची मूठ धरणारा याहून वेगळे काय करतो? तुकोबा मात्र 'बीज भाजुनी केली लाही' म्हणून जन्ममरणाचे बीच संपवतात. तो मुक्तीचा विचार झाला, आणि त्यावर सविस्तर लिहायचे तर दुसरे पत्र लागेल.

आता माझी एक विनंती. ऊस तुटल्यावर पाचट, म्हणजे मागे उरलेला वाळका पाला, पेटवण्याची तुमच्याकडे सवय आहे. या खेपेस ते सरीतच कुजू दे, आणि खालच्या अंगाला निचऱ्याचा चर काढून घे. भूमिसूक्ताचा तो मंत्र तू रोज म्हणावास असे मी सांगणार नाही, पण ही दोन कामे केलीस तर तो म्हटल्यासारखाच होईल. सोयाबीनला वाफसा कधी येतो ते कळव. मी पेरणीला येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विश्वास