सोडचिठ्ठी, डिक्री अन् सही-शिक्क्याची नक्कल

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाने लिहिलं होतं की मुलीचा घटस्फोट अमेरिकेत झाला असेल तर त्याचे कागद आपल्या वकिलातीतून मिळतात, तिथे अर्ज टाका म्हणजे झालं. अहो नाही मिळत बाप्पा. वकिलातीकडे तो कागद नसतोच तर ते देतील कुठून. गेल्या वर्षी चार महिने मी हेच काम करून राहिली होती म्हणून एवढ्या खात्रीने सांगते, आणि कोणी बिचारी माय ते वाचून महिनाभर ईमेल पाठवत बसू नये म्हणून हे पत्र.

झालं असं की माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न इथेच नागपुरात झालं, धूमधडाक्यात, मग दोघं कॅलिफोर्नियाला गेले, काही वर्षांनी पटलं नाही, दोघांनी मिळून तिकडेच फारकत घेतली. भांडण नाही तंटा नाही. पोरगी परत आली, इथे नोकरी लागली, आता दुसरं लग्न ठरलं, मुलगा चांगला आहे, सगळं छान. लग्न रजिस्टर करायला गेलो तर ऑफिसातल्या साहेबांनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, मॅडम ही तर झेरॉक्स आहे, डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या निकालाची, सर्टिफाईड कॉपी आणा. भाची म्हणे मावशी माझ्याकडे एवढंच आहे. एवढंच म्हणजे काय, तर एक पानाचा फॉर्म, त्यावर कोपऱ्यात एफएल-१९० असं लिहिलेलं.

आता हे एफएल-१९० प्रकरण मला नंतर समजलं. कॅलिफोर्नियात कोर्ट जो खरा निकाल देतं तो एफएल-१८० नावाच्या फॉर्मवर असतो, त्याच्या मागे अटी-शर्तींची पानं जोडलेली असतात. आणि एफएल-१९० म्हणजे नुसतं कळवणं, की बाबा तुमचा निकाल अमुक तारखेला नोंदवला. पोस्टाने घरी हेच पान येतं म्हणून आपले लोक हेच जपून ठेवतात, फाईलला लावतात, प्लास्टिकमध्ये घालतात, आणि खरा निकाल कोर्टातच राहतो. आमच्या भाचीने तर लॅमिनेट करून ठेवलं होतं!

मग शोध सुरू. तिकडे घटस्फोटाच्या केसेस काउंटीच्या कोर्टात चालतात, काउंटी म्हणजे समजा आपला जिल्हा, आणि एकट्या कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या. प्रत्येकीचं सुपीरियर कोर्ट वेगळं, रेकॉर्ड वेगळं. ज्या काउंटीत केस टाकली तिथेच कागद. भाचीला विचारलं तर म्हणे मी फ्रीमॉन्टला राहायची. फ्रीमॉन्ट अलामेडा काउंटीत येतं, म्हणून आम्ही अलामेडात शोधत बसलो, आठ दिवस, काहीच नाही. मग तिला आठवलं की वेगळी झाल्यावर ती मिलपिटासला भाड्याने राहायला गेली होती. आता मिलपिटास अन् फ्रीमॉन्ट अगदी लागून आहेत, पण मिलपिटास सांता क्लारा काउंटीत. तिथला नियमच असा आहे की दोघांपैकी एकाने केस टाकायच्या आधी राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं पाहिजे, तर तिने तीन महिने काढून मग तिथेच केस टाकली होती. म्हणजे रस्ता ओलांडला आणि कोर्ट बदललं. आपल्याकडे नाही का, एक गाव नागपूर जिल्ह्यात आणि पलीकडचं भंडाऱ्यात, तसंच.

तरी नावाने सापडेना. इथे खरी गंमत. आपली मराठी माणसाची नावं त्या कॉम्प्युटरला पेलत नाहीत. आपलं नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर पहिलं नाव आणि बापाचं नाव एकाच खान्यात येतं, तिकडच्या कोर्टात कुठे ते दोन्ही मिळून पहिलं नाव धरलेलं, कुठे बापाचं नाव मधलं धरलेलं, कुठे गायबच. त्यात ताई, म्हणजे भाचीची आई, सासरच्या आडनावाने शोधून राहिली होती आणि पोरीने आडनाव कधी बदललंच नव्हतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए कमी की जास्त ते वेगळंच. शेवटी केस सापडली ती जावयाच्या नावाने, म्हणजे माजी जावयाच्या, कारण त्याचं आडनाव सरळ सोपं आहे. ताईचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता, म्हणे एवढ्या वर्षांत ह्याचा पहिल्यांदा काही उपयोग झाला.

सापडली म्हणजे काय, केस नंबर आणि कोणत्या तारखेला काय दाखल झालं त्याची यादी, बस. कौटुंबिक केसेसचे प्रत्यक्ष कागद तिथे घरबसल्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, तसा राज्याचाच नियम आहे, पण त्याच कोर्टात जाऊन खिडकीवर फाईल मागितली तर कोणीही परका माणूस बहुतेक कागद पाहू शकतो. भाचीला हे समजलं तेव्हा ती दोन दिवस गप्प होती. आपल्याकडे उलट आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशा केसेस बंद दाराआड चालतात आणि त्यातलं छापायलाही बंदी. मला विचाराल तर ह्या बाबतीत आपलंच बरं. अमेरिकेत पण सगळीकडे सारखं नाही, न्यूयॉर्कमध्ये फाईल त्या दोघांना आणि त्यांच्या वकिलालाच मिळते, आणि तिथे ती काउंटी क्लार्ककडे असते. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. म्हणजे राज्य कोणतं आणि काउंटी कोणती ह्या दोन गोष्टी पक्क्या नसतील तर पुढे काही होत नाही, आणि राज्याच्या जन्म-मृत्यू खात्याकडे लिहून तर काही उपयोगच नाही, कॅलिफोर्नियाचं ते खातं १९६२ ते जून १९८४ पर्यंतच्या घटस्फोटांचा फक्त दाखला देतं, डिक्री नाही.

नंबर मिळाल्यावर काम सोपं झालं हे मान्य केलं पाहिजे. एक अर्ज, केस नंबर, दोघांची नावं, कोणता कागद पाहिजे ते स्पष्ट लिहायचं, आम्ही लिहिलं की एफएल-१८० जोडपत्रांसकट, सर्टिफाईड. सोबत फीचा चेक आणि आपल्या पत्त्याचं तिकीट लावलेलं पाकीट. फी आम्हाला लागली सर्टिफाईड प्रतीचे १५ डॉलर आणि वर पानाला ५० सेंट. अडचण चेकची, अमेरिकन बँकेचा चेक नागपुरात कोण देणार? माझ्या मैत्रिणीचा मुलगा सॅन होजेला असतो, त्याने सगळं केलं, लेकराचे उपकार आहेत. मी फक्त रात्री नऊला फोन घेऊन बसायची कारण उन्हाळ्यात तिकडे आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, आपले रात्रीचे नऊ म्हणजे त्यांच्या सकाळचे साडेआठ. जेवणं उरकली की आमच्या घरी कॅलिफोर्निया सुरू.

मध्ये एका एजंटने ह्याच कामाचे ३० हजार सांगितले होते. वर म्हणे मॅडम काउंटीत ओळख लागते. कसली ओळख हो! पंधरा डॉलरचं काम.

कागद आला तरी तो तसाच इथे चालत नाही, त्यावर अपोस्टिल लागतं. हे एक आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब आहे, भारतात २००५ पासून लागू, अमेरिकेत १९८१ पासून. ते काउंटी देत नाही, दिल्ली देत नाही, वकिलात तर नाहीच नाही, ते त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट नावाच्या सरकारी ऑफिसातून मिळतं, कॅलिफोर्नियाचं सॅक्रामेंटोला, पोस्टाने पाठवलं तर २० डॉलर. आणि त्यासाठी कोर्टाच्या क्लार्कची खरी सही असलेली प्रतच पाठवावी लागते, तिची झेरॉक्स नाही. मागच्या रविवारच्या त्या वाचकाने बहुतेक अपोस्टिलचीच गोष्ट कुठेतरी अर्धवट ऐकली असावी.

आणि एवढं करूनही आमच्या वकीलबाई म्हणाल्या की थांबा, आधी मला सांगा दोघं हजर होते का. कारण १९९१ साली सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी. त्यात लग्न १९७५ साली तिरुपतीला झालेलं, नवऱ्याने मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या कोर्टातून घटस्फोट आणला आणि दुसरं लग्न केलं, बायकोने इथे द्विभार्येची तक्रार केली. सुप्रीम कोर्टाने ती अमेरिकन डिक्री मानलीच नाही. म्हटलं की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यात बसणाऱ्या कारणावर आणि त्या कायद्याने अधिकार असलेल्या कोर्टानेच घटस्फोट दिला पाहिजे, नाहीतर मग समोरचा माणूस स्वतःहून त्या कोर्टात येऊन त्याच कायद्यातल्या कारणावर केस लढलेला पाहिजे, किंवा त्याची घटस्फोटाला संमती पाहिजे. आमच्या केसमध्ये दोघांच्या सह्या होत्या, संमती होती, ती जोडपत्रांत लिहिलेली होती, म्हणून आम्ही सुटलो. म्हणजे ते एक पानाचं एफएल-१९० घेऊन बसलो असतो तर संमतीचा पुरावाच हातात नव्हता. नवरा एकट्यानेच तिकडे डिक्री घेतलेली, बायकोला नोटीस पण नीट मिळाली नाही, अशा बायका नागपुरात कमी नसतील, त्यांनी तर वकिलाला दाखवल्याशिवाय त्या कागदावर विश्वासच ठेवू नये.

आता तुम्ही म्हणाल ही अमेरिकेची कथा आमच्या पेपरात कशाला. तर ऐका. हे सगळं चालू असताना शेजारच्या काकू आल्या, वय सत्तरच्या पुढे, म्हणे माझं पण एक काम करून दे. त्यांचा घटस्फोट नागपुरातलाच, १९८३ चा. पासपोर्टवरून नवऱ्याचं नाव काढायचं होतं, नातवाकडे जायचं आहे. हातात काही नाही. मी त्यांना घेऊन एका कोर्टात गेली, तिथे सांगितलं आमच्याकडे नाही, दुसरीकडे जा. तिथून तिसरीकडे. काकूंचे गुडघे आणि मे महिन्याचं आपलं ऊन, तुम्हाला सांगायला नको. नंतर समजलं की फॅमिली कोर्टाचा कायदाच १९८४ चा, जिथे जिथे फॅमिली कोर्ट झालं तिथे तेव्हा चालू असलेल्या केसेस त्यांच्याकडे गेल्या, पण आधीच निकाल लागलेल्या केसेस जुन्या दिवाणी कोर्टाच्या रेकॉर्डलाच राहिल्या. ही एवढी गोष्ट दारावर मराठीत लिहून लावली असती तर आमच्या दोन चकरा वाचल्या असत्या. नव्या केसेसचं बरं आहे, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की किंवा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा अक्षरं-आकडे मिळून १६ खुणांचा नंबर, टाकला की केस दिसते, मग तो नंबर घेऊन नक्कल विभागात अर्ज करायचा. पण १९८३ ची केस ॲपवर कुठून येणार, तिथे जुन्या रजिस्टरातच बोट फिरवावं लागतं, आणि काकूंना निकालाचं वर्ष सोडून काही आठवत नव्हतं. सुदैवाने त्यांच्या भावाच्या पेटीत वकिलाची एक पावती निघाली, त्यावर केस नंबर. पंधरा दिवसांत नक्कल मिळाली.

आणि ती हातात घेऊन काकू काय म्हणाल्या माहिती आहे? म्हणे ही त्या दिवशीच का नाही दिली मला. मी घरी येऊन बघितलं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ चं पोटकलम ४ असं आहे की घटस्फोटाची डिक्री झाली की कोर्टाने तिची एक प्रत दोघांना फुकट द्यायची. फुकट! मी ओळखीतल्या पाच-सहा जणींना विचारलं, एकीलाही हे माहीत नव्हतं. ज्याचा-त्याचा वकील नक्कल काढतो, आपल्या फाईलला लावतो आणि बाईच्या हातात झेरॉक्स देतो. वकील वारला की फाईल गेली.

अजून एक, आपल्याकडे गावोगाव स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी करतात आणि समजतात झालं. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीच्या घटस्फोटाला जागा आहे हे खरं, पण आपल्या समाजात ती रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं, नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने ते होत नाही. आमच्या कामवालीच्या सुनेकडे असाच कागद आहे. ती तोच घेऊन फिरून राहिली आहे.

तर साहेब, एक तर मागच्या रविवारच्या त्या मजकुरावर दोन ओळींचा खुलासा छापा. आणि दुसरं, तुमचे कोर्टाचे बातमीदार रोज तिकडे जातातच, त्यांना सांगून एकदा नीट छापा की नागपुरात कोणत्या वर्षाची केस कुठल्या रेकॉर्डला, अर्ज कुठल्या खिडकीवर, कोर्ट फी स्टॅम्प किती रुपयांचा. काकू ते कात्रण कापून ठेवणार आहेत, त्यांच्या भजनी मंडळात अजून दोघी आहेत.

पत्र फार लांबलं हे मला समजतं. कापायचं असेल तर आमच्या भाचीचा भाग कापा, ती तशीही नाराज होईल. कलम २३ चं तेवढं राहू द्या.

आपली,
एक वाचक मावशी
प्रतापनगर, नागपूर