फोर्ट वॅगनर हॉलमध्ये लावू का?

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून फोन नाही, शिव्या घालून घे. इकडे सगळे मजेत, माझा गुडघा तसाच.

परवा जुन्या बाजारात ‘स्टॉर्मिंग फोर्ट वॅगनर’ हे लढाईचं चित्र मिळालं. रीप्रिंटच आहे, पण चांगलं मोठं. शिकागोच्या कुर्झ अँड अ‍ॅलिसनवाल्यांनी १८९० साली काढलेली रंगीत शिळाछाप. ही म्हणते, हॉलमध्ये मढी नकोत. तिचं सोड रे, माझं डोकं भलत्याच गोष्टीनं खाल्लंय.

अमेरिकेच्या यादवी युद्धातली ५४वी मॅसॅच्युसेट्स, काळ्या सैनिकांची पलटण, १८ जुलै १८६३ ला साउथ कॅरोलिनात किल्ल्यावर चढतेय. लढाईच्या चित्रात आधी चेहरे बघ म्हणायचास ना, बघितले. तटावर पलटणीचा प्रमुख कर्नल शॉ, गोरा, हातात तलवार, त्याला गोळी लागतेय आणि आपली नजर बरोब्बर तिथेच जाते. बाकीचे शूर आहेत, पण सगळे एकाच साच्यातले. गोळ्या खाऊनही झेंडा जमिनीला टेकू न देणारा विल्यम कार्नी यातला कुठला, भिंग लावूनही कळत नाही. त्याचं मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, तेसुद्धा आलं थेट १९०० मध्ये! आणि हल्ला झाला दिवस मावळताना, चित्रात लख्ख उजेड. तू असतास तर उजेडावरूनच तासभर भांडला असतास, चित्रशाळा प्रेसच्या छापांवरून सरांशी भांडलास तसा. (तेव्हाही चूक तुझीच होती.)

पण मग वाटतं, या लोकांना १३ डॉलर पगार सांगून १० टेकवत होते, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून, तर ते म्हणाले असला पगार नकोच, आणि पगाराविनाच लढले. ६०० पैकी २७२ जण मेले, जखमी झाले नाहीतर सापडले. २७ वर्षांनी का होईना, कुणीतरी त्यांना चाल करून जाताना तरी काढलं. याच कंपनीनं १८९२ ला फोर्ट पिलोची कत्तल छापली, त्याच युद्धातली, त्यात काळे सैनिक नुसते मरतायत. च्यायला, भिंतीवर यातलं काय लावायचं माणसानं?

वरच्या मजल्यावरचे मास्तर शनिवारी जेवायला येतायत, ते स्वतः काळे, आयुष्यभर इतिहास शिकवलेले. त्यांना यात पलटण दिसेल की शॉ? ते तोंडावर काही बोलणार नाहीत, आणि मला तेच नकोय. १९१८ चा एक प्रिंट आहे, पहिल्या महायुद्धातले काळे सैनिक हेन्री जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स जर्मनांशी भिडलेले, तो मागवावा म्हणतोय, त्यात निदान कोण कोण आहे ते तरी कळतं. पण चित्र म्हणून वॅगनरच भारी, हे तूही मान्य करशील. करशील ना?

तुझ्या लेकीची बारावी कशी गेली? वहिनींची बदली झाली का? नाक्यावरचं घर विकू नकोस एवढ्यात.

शनिवारच्या आत कळव. नुसता अंगठा पाठवलास तर ब्लॉक करीन.

तुझा,
अण्णा