‘शाश्वत’ खेळणे कशाला म्हणायचे, ते आधी ठरवावे : केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

विषय : खेळणी उद्योगाच्या योजनेतील ‘शाश्वत’ या शब्दाच्या व्याख्येबाबत

महोदय,

मी पुणे जिल्ह्यात प्लास्टिकची खेळणी बनवणारा एक लघुउद्योजक आहे. १ फेब्रुवारी २०२५ रोजीच्या अर्थसंकल्पी भाषणात भारताला खेळण्यांचे जागतिक केंद्र बनवण्याची योजना जाहीर झाली आणि ही खेळणी दर्जेदार, वेगळी, नावीन्यपूर्ण व शाश्वत असतील असे सांगण्यात आले. या चार शब्दांपैकी शेवटच्या शब्दासाठी मी गेली काही वर्षे माझ्या छोट्या कारखान्यात धडपडतो आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करत आहे. माझी विनंती एकच आहे : अनुदानाचे निकष लिहिण्यापूर्वी खेळण्याची शाश्वतता नेमकी कशावरून मोजायची, हे सरकारने ठरवावे.

या शोधात सर्वांत पुढे गेलेल्या डेन्मार्कच्या लेगो कंपनीचा अनुभव येथे सांगणे मला आवश्यक वाटते. लेगोची वीट, म्हणजे एकमेकांत बसणारा खेळण्यातील ठोकळा, १९६३ पासून एबीएस या प्लास्टिकची बनते. ते कठीण असते, चकाकी धरते, आणि मुख्य म्हणजे साच्यातून निघालेला प्रत्येक तुकडा इतका नेमक्या मापाचा असतो की जुनी वीट आजच्या विटेला घट्ट बसते आणि लहान मुलाच्या हातानेही सुटते. कंपनीने २०१८ मध्ये उसाच्या इथेनॉलपासून तयार केलेल्या पॉलिएथिलीन या मऊ प्लास्टिकची झाडे-पाने बाजारात आणली. पाने लवचीक असली तरी चालतात, वीट मऊ असून चालत नाही, त्यामुळे विटेसाठी वेगळा शोध सुरू राहिला. जून २०२१ मध्ये टाकाऊ पीईटी बाटल्यांपासून बनवलेला नमुना दाखवण्यात आला, ज्यात एक लिटरच्या एका बाटलीतून सरासरी दहा विटांचा कच्चा माल मिळत होता. त्यासाठी २५० हून अधिक मिश्रणे तपासली गेली होती. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने हा मार्ग सोडल्याचे जाहीर केले. पीईटीला एबीएसची ताकद आणण्यासाठी त्यात इतर घटक मिसळावे लागत होते, ते वाळवण्यास व घडवण्यास जास्त ऊर्जा लागत होती, कारखान्यातील यंत्रणा बदलावी लागणार होती, आणि हा सगळा हिशेब केल्यावर एकूण कार्बन उत्सर्जन कमी होण्याऐवजी वाढत होते.

हा निर्णय वाचल्यावर माझ्या मनात त्या कंपनीविषयी आदर वाढला. बाटलीपासून बनलेली वीट विकणे जाहिरातीच्या दृष्टीने किती सोपे होते, याची कल्पना या धंद्यातील कोणालाही येईल. आकडे विरोधात गेल्यावर थांबायला आधी आकडे मांडलेले असावे लागतात, आणि आपल्याकडे अजून तेच झालेले नाही.

आमच्या शॉप फ्लोअरवरचा अनुभव याहून लहान आहे, पण त्याच दिशेचा आहे. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होणाऱ्या पीएलए या जैवप्लास्टिकचा दाणा (साच्यात वितळवून ओतायचा कच्चा माल) आम्ही वापरून पाहिला. तुकडे सुरेख निघाले. परंतु हा दाणा पंचावन्न-साठ अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडू लागतो, आणि मे महिन्यात विदर्भाच्या रस्त्यावर उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत तापमान तिथपर्यंत जाऊ शकते. आमच्या गाड्यांची चाके वाकडी होऊन परत आली. शिवाय पीएलए घरच्या बागेतील खड्ड्यात सहजी कुजत नाही, त्यासाठी औद्योगिक कंपोस्टिंगची उष्णता लागते आणि तशी सोय फारच थोड्या शहरांत आहे. पाकिटावर ‘कुजणारे’ असे छापून पालकांना समाधान देणे मला प्रामाणिक वाटले नाही.

रिसायकल दाण्याची अडचण वेगळी आहे. बाजारात मिळणाऱ्या काळ्या दाण्यात जुन्या टीव्ही-संगणकांच्या आवरणांचे प्लास्टिक मिसळलेले असू शकते आणि त्यासोबत आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनयुक्त रसायनेही येऊ शकतात. जे मूल खेळणे तोंडात घालते, त्याच्यासाठी असा दाणा वापरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या आयएस ९८७३ या मानकानुसार जड धातू आणि थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायने) यांची तपासणी होते, आणि हा आदेश आणल्याबद्दल मी सरकारचा मनापासून आभारी आहे. मात्र व्हर्जिन, म्हणजे कोऱ्या, दाण्याची एक गोण दुसऱ्या गोणीसारखी असते, रिसायकल दाण्याची नसते. प्रत्येक खेपेची तपासणी करायची तर तिचा खर्च मालाच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. लेगो प्रमाणित नवीकरणीय दाण्यासाठी जादा किंमत मोजते आणि तो भार ग्राहकावर टाकत नाही, पण दहा मशीनच्या कारखान्याला ते परवडणारे नाही. म्हणून खेळण्यांच्या क्लस्टरमध्ये सामायिक प्रयोगशाळा उभारून तेथे रिसायकल दाण्याची खेपवार तपासणी सवलतीत झाली, तर माझ्यासारखे अनेक जण हा दाणा निर्धास्तपणे वापरू शकतील.

उसाचा विषय आपल्या राज्याला जवळचा आहे. इथेनॉलपासून एथिलीन आणि त्यापासून पॉलिएथिलीन ही प्रक्रिया ब्राझीलमध्ये २०१० पासून औद्योगिक प्रमाणावर चालू आहे, आणि पुणे जिल्ह्यातील जेजुरीला जैवप्लास्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र २०२४ मध्ये सुरू झाले आहे. ही सामग्री आपल्याच जिल्ह्यातून मिळावी अशी माझी इच्छा आहे. तरीही उसाला लागणारे पाणी मी विसरू शकत नाही, कारण माझे आजोळ सोलापूर जिल्ह्यातले आहे. मळीपासून झालेला दाणा आणि थेट उसाच्या रसापासून झालेला दाणा यांना एकाच मापाने मोजू नये.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा उल्लेख अशा चर्चेत नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. चितारआळीतील कारागिरांना या योजनेत मानाचे स्थान मिळावे. पण दातेरी चाके आणि एकमेकांत बसणारे ठोकळे सामान्य घराला परवडतील अशा भावात लाकडातून निघत नाहीत, त्यामुळे लाकूड हे प्लास्टिकच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर ठरत नाही.

कच्चा माल कोणता, यापेक्षा खेळणे किती वर्षे खेळले जाते हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. थोरल्याची गाडी धाकट्याकडे आणि तिथून शेजारी जाते, तेव्हा तेवढा नवा दाणा वितळवावा लागत नाही. प्लास्टिक वेष्टनाला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे वापरानंतरच्या कचऱ्याची व्यवस्था लावण्याची जबाबदारी, २०२२ पासून लागू आहे, बॅटरीवरच्या खेळण्यांना ई-कचऱ्याचे नियम लागू आहेत, पण साध्या प्लास्टिकच्या खेळण्याचे आयुष्य संपल्यावर त्याचे काय व्हावे, याबद्दल नियम काही सांगत नाहीत. ‘शाश्वत’ची व्याख्या करताना संपूर्ण आयुष्यातील उत्सर्जन, पाण्याचा वापर, टिकाऊपणाची चाचणी, सुटे भाग मिळण्याची हमी आणि एकाच प्रकारच्या प्लास्टिकचा वापर यांना गुण द्यावेत. केवळ ‘जैव’ किंवा ‘पुनर्वापरित’ या शब्दावर अनुदान देऊ नये.

हे निकष ठरवणाऱ्या समितीत लघुउद्योगांचा एक तरी प्रतिनिधी असावा, अशी विनंती आहे. आमच्या फसलेल्या प्रयोगांच्या नोंदवह्या, वाकलेल्या चाकांसह, आपल्या अधिकाऱ्यांना पाहण्यासाठी केव्हाही उपलब्ध करून देण्यास मी तयार आहे.

आपला नम्र,
एक खेळणी उत्पादक,
पुणे जिल्हा