डाएट हवे की आधार?

महोदय,

लग्नसराई आली की ठाण्यात वजन घटवण्याच्या जाहिराती गल्लोगल्ली लागतात. 'जाडी', 'काळी' म्हणून घरातच हिणवलेल्या मुलीला डाएट हवे की आधार, हे कोणी विचारत नाही. सीबीटी या विचार आणि वागणे बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचार पद्धतीत 'मी अशी दिसते म्हणून मला किंमत नाही' हा विचार पुराव्यावर तपासायला शिकवतात. नृत्योपचारात हालचालींतून शरीराशी पुन्हा ओळख होते. एकीला लागू पडले ते दुसरीला पडेलच असे नाही. (काकूंचे टोमणे मात्र कोणत्याच उपचारपद्धतीत बसत नाहीत!) ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९०पासून मानसिक आरोग्यासाठी काम करते. घराबाहेर पडणे जमत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही. महापालिकेने तो शाळा-कॉलेजांच्या फलकांवर ठळक लावावा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे