शेवटच्या रांगेपर्यंत

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

काल फोन सारखा कटत होता, म्हणून सविस्तर लिहितेय. शुक्रवारच्या सुट्टीत अम्मानहून इथल्या, म्हणजे जॉर्डनमधल्या, जेराशचे जुने अवशेष बघून आले. जेमतेम तासाभराची वाट. रोमन काळी या शहराला गेरासा म्हणत. ७४९ सालच्या भूकंपात बरंच पडलं, हळूहळू वस्ती उठली आणि उरलेलं कित्येक शतकं मातीखाली राहिलं. म्हणूनच आज इतकं शाबूत दिसतं.

आई, तिथल्या मुख्य रस्त्याच्या फरशांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून आहेत. मी खाली बसून एकीत बोटं फिरवली. तुझ्या पाट्याचा मधला भाग झिजलाय ना, तशीच गुळगुळीत लागली. आर्टेमिस या ग्रीक देवीच्या देवळात तर गाईडने एका खांबाच्या बुडाशी, फटीत चमचा सरकवून दाखवला. वाऱ्याने तो एवढा थोरला खांब किंचित डोलत होता आणि चमचा सावकाश वरखाली होत होता. मी बराच वेळ बघत राहिले.

बाबा, थिएटरमध्ये मात्र सारखी तुमचीच आठवण येत होती. पहिल्या शतकाच्या अखेरीला, डोमिशियन बादशहाच्या काळात बांधलेलं, तीन हजारांवर माणसं बसतील एवढं. खालच्या बैठकांवर ग्रीक अक्षरांत आसनांचे क्रमांकसुद्धा कोरलेत. मी धापा टाकत अगदी वरच्या रांगेत जाऊन बसले. खाली एक आजोबा नातीला हळू आवाजात काहीतरी सांगत होते. अरबी मला कुठे एवढी येते! पण शब्द न् शब्द कानावर येत होता.

गणपतीच्या नाटकाच्या तालमीला तुम्ही आम्हाला मंडपात उभं करून एक ते दहा म्हणायला लावायचात, न ओरडता. स्वतः पार मागे उभे राहायचात आणि नीट ऐकू आलं की हात वर करायचात. ते आठवलं आणि मी खाली उतरले, मधोमध उभी राहिले, एक ते दहा म्हटलं. वर बसलेल्या मैत्रिणीने ‘दहा’ला हात वर केला. माझे डोळे भरून आले.

मार्चमध्ये याच. तेव्हा इथले डोंगर हिरवे असतात. आईच्या गुडघ्यांना खालची रांग सोयीची पडेल. बाबा, तुम्ही मध्यभागी उभे राहा. शेवटच्या रांगेत मी बसेन आणि हात वर करेन.

तुमची,
मनू