आप्पांना, जकार्ताहून

जकार्ता,
दि. 18 फेब्रुवारी 2024

तीर्थरूप आप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. सोसायटीच्या सभेत बोअरवेलचा ठराव येणार असल्याचे तुम्ही लिहिले आहे आणि शेवटच्या ओळीत, ‘तुझे जकार्ता बुडते आहे म्हणतात, ते खरे काय?’ असेही विचारले आहे. या दोन गोष्टी तुम्हाला वाटतात तितक्या लांबच्या नाहीत, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

मागच्या रविवारी कचेरीतल्या एका सहकाऱ्याबरोबर शहराच्या उत्तरेला, मुआरा बारू भागात गेलो होतो. तेथे समुद्राच्या कडेने काँक्रीटची भिंत घातलेली आहे. तिच्या अलीकडे दाट वस्ती आणि पलीकडे जावा समुद्र. भिंतीवर चढून दोन्ही बाजूंना पाहिले, तेव्हा आपण ज्या रस्त्याने चालत आलो तो रस्ता समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली आहे, हे ध्यानात यायला मला काही क्षण लागले. भिंतीबाहेर एक जुनी मशीद पाण्यात उभी आहे. तेथे एके काळी रोज नमाज होत असे; आता भिंतींना शेवाळ आहे. वस्तीतल्या लोकांनी घरात भराव घालून घालून जमीन इतकी वर आणली आहे की काही दारांतून वाकूनच आत जावे लागते. उंबरा चढला, पण छप्पर होते तिथेच राहिले.

उत्तर जकार्ताचे काही भाग 1970 च्या दशकापासून सुमारे 4 मीटर खचले असून शहराचा जवळपास 40 टक्के भाग आज समुद्रसपाटीखाली आहे. वर्तमानपत्रे याचा सगळा दोष समुद्राला देतात. परंतु तापमानवाढीमुळे समुद्र वर्षाला काही मिलिमीटरच चढतो आणि इथली जमीन मात्र काही ठिकाणी वर्षाला कित्येक सेंटिमीटर उतरत आली आहे.

मुंबईच्या पाणीखात्यात नोकरी केलेल्या तुम्हाला त्याचे कारण समजावून सांगायला नको. शहरात 1 कोटीहून अधिक आणि उपनगरे धरून 3 कोटींहून अधिक माणसे राहतात, आणि नळाचे पाणी शहरातल्या साधारण दोन तृतीयांश घरांपर्यंतच पोहोचते. शहरातून 13 नद्या वाहतात, पण त्यांचे पाणी इतके घाण आहे की पिण्यासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. पाणी येते ते मुख्यतः जातिलुहुर धरणातून, कित्येक किलोमीटरच्या उघड्या कालव्याने. ज्यांच्याकडे नळ नाही ते हातगाडीवरून कॅन विकत घेतात किंवा जमिनीतून उपसतात, आणि मोठ्या इमारती तर वर्षानुवर्षे खोलवरून उपसत आल्या. जमिनीखाली चिकणमातीचे थर आहेत. पाणी निघून गेले की ते वरच्या भाराने दबतात, आणि एकदा दबले की पुढे पाणी मुरवले तरी पूर्ववत होत नाहीत. त्यातून वर सगळीकडे काँक्रीट, म्हणजे मुरायलाही जागा नाही.

हवामानबदलाचा फटका बसतो तो बशीसारख्या खोलगट झालेल्या या शहरात. हवा 1 अंशाने तापली की सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते आणि मग ते एकदम कोसळते. 1 जानेवारी 2020 रोजी येथल्या हालिम विमानतळावर एका दिवसात 377 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या पुरात 60 हून अधिक माणसे गेली. तुम्ही म्हणाल, 2005 च्या 26 जुलैला मुंबईत सांताक्रूझला 944 झाला होता. खरे आहे, आणि त्या वेळी तुम्ही तिसऱ्या दिवशी घरी आलात, तोपर्यंत आईने पाणीही घेतले नव्हते, हे मी विसरलेलो नाही. पण मुंबईत बराचसा भाग ओहोटीला रिकामा होऊ शकतो. इथल्या सखल भागांतले पाणी पंप लावून समुद्रात फेकावे लागते. पंप बंद पडला की पाणी जागचे हलत नाही.

सरकारने राजधानी बोर्निओ बेटावर नुसांतारा येथे हलवण्याचे 2019 मध्ये जाहीर केले. कचेऱ्या जातील, मुआरा बारूचे लोक कुठे जाणार, ते कोणी सांगत नाही. मला त्यापेक्षा टोकियोचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. तेथेही कोतो भागात जमीन 4 मीटरहून अधिक खचली होती, पण 1960 च्या दशकापासून उपशावर कडक बंधने आली, कारखान्यांना दुसरे पाणी मिळाले आणि खचणे जवळजवळ थांबले. इथेही गेल्या ऑगस्टपासून ठराविक भागांतल्या मोठ्या इमारतींना भूजल वापरण्यास मनाई झाली आहे. परंतु नळ नसताना मनाई किती टिकेल, याची मला शंका वाटते.

भांडुपला तानसाच्या जलवाहिनीवरून आम्ही मुले शाळेत चालत जायचो आणि तुम्ही ओरडायचात, तेव्हा तिचे मोल कळत नव्हते. 1860 मध्ये विहार तलाव आणि 1892 मध्ये तानसा तलाव झाला, म्हणून मुंबईला आपल्या पायाखालची जमीन इतकी उपसावी लागली नाही. रात्री-अपरात्री झडपा उघडायला जाणाऱ्या तुमच्या चावीवाल्यांना हे कोणी सांगितले असेल, असे वाटत नाही.

आता सोसायटीचे. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, त्यामुळे इमारत खचेल अशी भीती सभेत घालू नका. कोणी ऐकणार नाही आणि ते खरेही नाही. मात्र शेजारच्या तिन्ही सोसायट्यांनी बोअर घेतल्या आहेत, तेव्हा पाणी कितव्या फुटाला लागले आणि मे महिन्यात ते टिकते का, हे आधी विचारून घ्या. गच्चीवरचे पाणी मुरवण्याचा खड्डा ठरावातच लिहून घेतला तर बरे.

तुम्हाला एक विचारायचे राहिले. तानसाच्या बंद वाहिनीतही गळती किती, ते तुम्ही टक्क्यांत सांगत असा. इथे पाणी उघड्या कालव्याने येते, कडेने वस्ती आहे आणि ऊन बारमाही आहे. तर धरणातून सोडलेल्या पाण्यापैकी शहरात किती पोहोचत असेल, याचा तुमचा अंदाज कळवा. कचेरीतले कोणीही मला नीट सांगू शकले नाही.

आईस नमस्कार.

आपला,
सुहास